गूगलवर नाही, मग कुठे?

"तुम्हाला हे सापडतं कुठे? आम्ही गूगलवर टाकलं तर काहीच येत नाही." संदर्भ देऊन काही लिहिलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण यात गुपित वगैरे काही नाही. योग्य खिडकीपाशी जाऊन उभं राहायचं आणि तिथे चालणाऱ्या भाषेत मागायचं.

जुनी वर्तमानपत्रं, शोधनिबंध, ग्रंथालयांच्या याद्या यांतला बराच मजकूर त्या त्या संग्रहाच्या आतच असतो, साधं सर्च इंजिन तिथवर पोचत नाही. वैद्यकीय काही हवं असेल तर मी थेट पबमेडवर जाते. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा हा संग्रह, साडेतीन कोटींहून जास्त नोंदी, आणि शोधायला पैसे पडत नाहीत. तिथे 'हार्ट अटॅक' टाकलंत तरी तो मागच्या मागे 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' ही संज्ञाही शोधतो, कारण बहुतेक नोंदींना एका ठरावीक यादीतल्या संज्ञा जोडलेल्या असतात. 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर जाऊन शोधाचा तपशील उघडा. तुमच्या दोन शब्दांचं त्याने काय काय केलं ते तिथे दिसतं. मी तरी निकालांआधी तेच वाचते.

जुन्या वर्तमानपत्रांत असं कुणी सांभाळून घेत नाही. १९१६च्या अंकांत 'फर्स्ट वर्ल्ड वॉर' शोधलंत तर हाती भोपळाच यायचा. दुसरं व्हायचंच होतं, तर पहिल्याला पहिलं कोण म्हणणार? 'ग्रेट वॉर' किंवा 'युरोपियन वॉर' टाका, मग बघा. शिवाय आपण शोधतो तो छापील मजकूर नव्हेच. फोटो पाहून यंत्राने जे वाचलं, ते आपण शोधत असतो. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत 'एस' हे अक्षर बऱ्याच ठिकाणी लांबट, जवळजवळ 'एफ'सारखं असे. त्यामुळे 'बेस्ट'चं 'बेफ्ट' होतं आणि शोधणारा 'नाही' म्हणून निघून जातो. रकाना अरुंद असला की 'इन्फ्लुएन्झा' दोन ओळींत तुटतो, तोही निसटतो. म्हणून मी मुद्दाम चुकीची स्पेलिंगं टाकून बघते, किंवा मूळ शब्द सोडून त्याच्या शेजारी हमखास येईल असा दुसराच शब्द धरते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर तर वाचकच यंत्राच्या चुका दुरुस्त करतात. कुणीतरी अनोळखी माणसाने शंभर वर्षांपूर्वीची बातमी ओळ न् ओळ नीट करून ठेवलेली असते. त्याला काय मिळतं कुणास ठाऊक, पण आपलं काम होतं.

शोधनिबंधांसाठी गूगल स्कॉलर. लोक तिथेही नुसते शब्द टाकत बसतात. त्यापेक्षा एकच कामाचा निबंध धरा आणि त्याखालचं 'साइटेड बाय' दाबा: तो छापून आल्यावर त्याचा आधार कुणी घेतला, त्याच्याशी भांडलं कोण, सगळे रांगेत येतात. त्या रांगेतच पुन्हा शोधायची सोयही आहे. निबंध पैसे मागत असेल तर 'ऑल व्हर्जन्स' बघा, लेखकाने स्वतःच कुठेतरी मोफत प्रत ठेवलेली असण्याची शक्यता बरीच.

बंद पडलेल्या दुव्यांसाठी इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन आहेच. पत्ता टाकला की कॅलेंडर येतं, जतन केलेल्या तारखांवर खूण असते. १९९६पासूनची पानं आहेत, अर्थात सगळी नाहीत. मी आणखी एक करते. एखादं पान संदर्भ म्हणून वापरणार असेन तर 'सेव्ह पेज नाऊ' दाबून त्याच दिवशी त्याची प्रत करून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मजकूर बदलला तरी आपण काय वाचलं होतं ते दाखवता येतं.

आणि एवढं करून नाहीच सापडलं तर? अभिलेखागारांतले बहुतेक कागद अजून स्कॅनच झालेले नाहीत, पण त्यांची वर्णनसूची बऱ्याचदा ऑनलाइन असते. त्यातून पेटीचा आणि फोल्डरचा क्रमांक काढा आणि तिथल्या अभिलेखपालांना सरळ ईमेल करा. 'अमुक विषयावर काही आहे का' असं मोघम विचारू नका, क्रमांक लिहा. मग ते स्वतः पेटी उघडून बघण्याची शक्यता कितीतरी वाढते.