बोलोन्याला एकटी जायचं, पण लाटायला ग्रुपमध्ये बसायचं

सध्या माझ्या डोक्यात एकच प्लॅन फिरून राहिला आहे. महालक्ष्म्या उठल्या की सप्टेंबरच्या शेवटी इटलीत बोलोन्याला जायचं, एकटीनं, आणि तिथे आठवडाभर कुकिंग कोर्स करायचा, जगभरातून आलेल्या आठ-दहा अनोळखी लोकांसोबत. म्हणजे प्रवास सोलो आणि मधला आठवडा ग्रुपचा. घरी सांगितलं तर मावशीचा पहिला प्रश्न, "एकटी काहून जाऊन राहिली वं? टूरवाल्यांसोबत जा ना, जेवायलाही आपलं मिळते." तिची काळजी मला कळते. पण ज्या टूरमध्ये बसमधून उतरून फोटो काढायचा आणि रात्री पनीर जेवायचं त्यासाठी मला एवढे पैसे घालायचेच नाहीत, मला तिथलं पीठ हातात घ्यायचं आहे.

आणि पीठच का, तर बोलोन्या ज्या एमिलिया-रोमान्या भागात आहे तिथला ताजा पास्ता म्हणजे साधारण 100 ग्रॅम मैद्यासारखं मऊ पीठ आणि एक अंडं, बस, पाणी नाही. गोळा मळून अर्धा तास झाकून ठेवायचा आणि मग हातभर लांब लाटण्यानं एवढा पातळ लाटायचा की पलीकडचं दिसलं पाहिजे. हे काम करणाऱ्या बायकांना तिथे स्फोल्यीने म्हणतात आणि त्यांचा मान मोठा आहे. ताल्यातेल्ले म्हणजे त्या पोळीच्या कापलेल्या पट्ट्या, त्यांची रुंदी तर 1972 मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे रीतसर नोंदवून ठेवली, शिजल्यावर 8 मिलिमीटर. मला हे वाचून फार आनंद झाला, कुणीतरी घरच्या जेवणाला एवढं महत्त्व दिलं म्हणून.

पण मला खरं खेचलं ते गार्गानेल्लीनं. पिठाचा छोटा चौकोन काडीवर तिरपा गुंडाळायचा आणि दातेरी फणीवरून फिरवायचा, की वर रेघा असलेली नळी तयार. आता सांगा, विदर्भातल्या कुठल्या बाईला हे पाहून सरगुंडे आठवणार नाहीत? आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणाच्या वेळी गव्हाच्या पिठाची बारीक दोरी ओढून काडीवर गुंडाळतात, खाटेवर वाळवतात आणि मग शिजवून आमरसासोबत खातात. इटलीत त्या काडीवरच्या पास्त्याचे क्लासेस चालतात, लोक विमानानं शिकायला जातात, आणि इकडे नागपुरात माझ्या वयाच्या किती जणींना सरगुंडे येतात? मला दोन्ही यायला पाहिजेत. म्हणून मे महिन्यात आधी मामीकडे बसून सरगुंडे शिकणार आणि मगच तिकडे जाणार, हे पक्कं.

आता प्लॅनिंग. माझं स्पष्ट मत आहे की अशा ट्रिपमध्ये आधी कोर्स ठरवायचा आणि मग बाकी सगळं त्याच्या अवतीभवती बसवायचं. स्वस्त तिकीट दिसलं की लोक आधी ते घेतात आणि मग त्या तारखांना जो मिळेल तो क्लास करतात, त्यात मुख्य गोष्टच दुय्यम होऊन जाते ना. कोर्स बघताना मी फोटो बघत नाही, फोटोत सगळेच हसत असतात. मी विचारते की प्रत्येकाला स्वतःचा पाट आणि लाटणं मिळणार की शेफ करणार आणि आम्ही भोवती उभं राहून बघणार, एका शिकवणाऱ्यामागे किती जण, आणि तोच पदार्थ परत करायला मिळतो का. रोज नवीन पाच पदार्थ दाखवणारा कोर्स मला नको. पोळी लाटायला एका दिवसात कोण शिकलं आहे.

एकट्या माणसासाठी पैशाची मोठी मेख असते सिंगल सप्लिमेंट. वेबसाईटवरचा दर बहुतेक वेळा दोघांनी एक रूम शेअर करण्याचा असतो, एकटीला रूम पाहिजे तर वर वेगळे पैसे, आणि ती रक्कम कधीकधी एवढी असते की पूर्ण हिशोब बदलतो. काही ठिकाणी दुसऱ्या एकट्या बाईसोबत रूम शेअर करू देतात, काही ठिकाणी सीझन नसताना ते जास्तीचे पैसे घेत नाहीत, पण हे आपणहून विचारावं लागतं. अजून एक, ग्रुपला किमान इतके लोक झाले तरच कोर्स होणार अशी अट बऱ्याचदा असते. तो नक्की झाल्याचा मेल हातात आल्याशिवाय रिफंड न मिळणारं विमानाचं तिकीट घ्यायचं नाही.

व्हिसाचं बोलायचं तर शेंगेन व्हिसा, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, प्रवासाच्या 6 महिने आधीपासून ते कमीत कमी 15 दिवस आधीपर्यंत टाकता येतो. सप्टेंबरचं जायचं असेल तर मी मे-जूनमध्येच टाकणार, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला मारामारी असते. मोठ्यांसाठी फी 90 युरो, ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरो कव्हरचा लागतो, आणि परतीच्या तारखेनंतरही पासपोर्ट कमीत कमी 3 महिने चालायला पाहिजे. एकटी जाताना रोज रात्री कुठे राहणार त्याचे कागद नीट लावायचे, कोर्सचं कन्फर्मेशन त्याच फाईलमध्ये. नागपूरहून दोह्यावरून किंवा मुंबई-दिल्लीवरून, कसंही गेलं तरी नागपूर ते इटली सगळं एकाच तिकिटावर घ्यायचं, म्हणजे मधली फ्लाईट चुकली तर पुढचं एअरलाईन बघते. मिलानहून बोलोन्या फास्ट ट्रेननं तासाभरावर आहे.

तारखांचा माझा विचार असा की ऑगस्टमध्ये तिकडे गरमी असते आणि 15 ऑगस्टच्या आसपास तिथली माणसं स्वतःच सुट्टीवर जातात, कितीतरी दुकानं बंद. सप्टेंबरच्या शेवटी हवा छान, द्राक्षांचा हंगाम, आणि मला दसऱ्याच्या आत घरी परत यायचं आहे, कारण त्या दिवसांत दीक्षाभूमीला लाखो लोक येतात आणि नागपूरचं रेल्वेचं तिकीट मिळणं कठीण होऊन जातं.

कोर्सच्या आधी थोडे दिवस एकटीचे ठेवले आहेत आणि नंतरही थोडे. आधीचे झोप सुधारायला आणि बोलोन्यात नुसतं पायी फिरायला. त्या शहरात एकूण 62 किलोमीटरचे कमानीदार व्हरांडे आहेत, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, म्हणजे पाऊस आला तरी बाई आरामात चालू शकते. नंतरच्या दिवसांत जवळची दोन शहरं, राव्हेन्ना तिथल्या मोझाईक्ससाठी, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रांसाठी, आणि फेर्रारा. तिकडच्या साध्या रीजनल ट्रेनचं भाडं आधी काढलं काय नि त्या दिवशी काढलं काय सारखंच असतं, त्यामुळे मूडप्रमाणे ठरवता येतं. फक्त कागदी तिकीट गाडीत चढायच्या आधी मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर दंड.

खाण्याचं मात्र आधीच लिहून कळवणार आहे. मी अंडं खाते, मटण-चिकन नाही, आणि बोलोन्या हे मांसाचं शहर आहे. तोर्तेल्लीनी या सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात डुकराचं मांस असतं, पण त्याच्या मोठ्या भावात, तोर्तेल्लोनीत, रिकोटा चीज भरतात, फेर्राराकडे भोपळ्याचं सारण असतं, मला तेच शिकायचं आहे. पार्मिज्यानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनंच, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या पदार्थानं, बनवतात, तो नियमच आहे, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर हे घरीच ठरवून निघा, तिथे ताटावर बसून नाही. तरी ते चीज बनताना मी बघणार आहे, चाकासारख्या एका मोठ्या गोल चीजला साधारण 550 लिटर दूध लागतं आणि किमान 12 महिने मुरवतात, आणि हे काम सकाळीच होतं म्हणून त्या दिवशी लवकर उठावं लागेल.

ग्रुपसाठी काय न्यायचं यावर आईशी चर्चा चालू आहे. तिचं म्हणणं संत्रा बर्फी ने, पण युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत, मांसही नाही. म्हणून मामीकडचे वाळलेले सरगुंडे नेणार, त्यात फक्त गहू, आणि कोर्समधल्या सगळ्यांना शिजवून खाऊ घालणार.

दोन कोर्स शॉर्टलिस्ट केले आहेत. एक शहरातच आहे, दुसरा टेकडीवरच्या एका फार्महाऊसमध्ये, तो सुंदर आहे पण संध्याकाळी गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, आणि एकट्या बाईला स्वतःच्या पायानं बाहेर पडता आलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. त्यामुळे कल शहरातल्याकडे आहे. सिंगल रूमचा दर आणि पाट-लाटण्याचा प्रश्न दोघांनाही मेल केला आहे, शहरातल्यांनी हो म्हटलं की ॲडव्हान्स भरते.