चेक फायर

अमेरिकेत माजी सैनिकांचे कान तपासणं हा माझा व्यवसाय. इथे सैनिकांना अपंगत्वाची जी सरकारी भरपाई मिळते, तिच्या कारणांत कानातली न थांबणारी शिट्टी, म्हणजे टिनिटस, सगळ्यांत वरच्या क्रमांकावर आहे. व्हिएतनामच्या पिढीतला तोफखान्याचा माणूस समोर आला, की बऱ्याचदा तो काही बोलायच्या आधी त्याच्या श्रवणचाचणीचा आलेख बोलतो. 4,000 हर्ट्झपाशी खड्डा आणि एक कान दुसऱ्यापेक्षा वाईट. 105 मिलिमीटर हॉवित्झर तोफेवर गनर डाव्या बाजूला नेम धरायच्या सायटीला डोळा लावून असतो, त्यामुळे त्याचा उजवा कान नळीकडे. पलीकडे उंचीचा कोन लावणाऱ्या सहायक गनरचं बरोब्बर उलट. अशा क्षणिक धमाक्यासाठी 140 डेसिबल ही धोक्याची रेषा धरतात. तोफेपाशी आवाज 180 च्या घरात जातो. मग कानात काय घालायचात, असं विचारलं की उत्तर येतं : सिगारेटचा फिल्टर, नाहीतर बोटं. बोळे घातले तर हुकूम कसा ऐकणार?

माझं बालपण देवळालीचं. स्कूल ऑफ आर्टिलरीचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्या थरथरायच्या आणि आजी चहा गाळताना न बिचकता म्हणायची, "आज जोर आहे." हे मी सांगितल्यापासून एका पेशंटशी माझं जरा जास्तच जमलं. 1969 साली तो व्हिएतनाममध्ये तायनिन्ह प्रांतातल्या एका फायरबेसवर, म्हणजे तोफांच्या तळावर, गनर होता. बॅटरीच्या, म्हणजे आपल्या तोफांच्या तुकडीच्या, मेळाव्याला मात्र त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. "चाळीस म्हातारे एका खोलीत ओरडणार, मला त्यातलं काय कळणार?" खरं होतं ते. नवी श्रवणयंत्रं बसवली, तेव्हा म्हणाला, "डॉक, आता जातो. पण तुम्हीही या."

मेळावा ऑक्लाहोमातल्या लॉटनला, फोर्ट सिलच्या दाराशी. अमेरिकन तोफखान्याची शाळा तिथे 1911 पासून आहे. सकाळी संग्रहालयात गेलो. अणुगोळा डागणारी 280 मिलिमीटरची प्रचंड तोफ ‘ॲटॉमिक ॲनी’ तिथे उभी आहे, पण या मंडळींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळे आपल्या 105 भोवती. माझ्या गनरने डाव्या चाकामागे जाऊन गुडघा टेकला आणि हात हवेतच सायटीच्या चाकावर फिरवला. त्याला उठवायला दोघे लागले.

संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये व्हायचा तोच गोंगाट. कोपऱ्यात एक गृहस्थ आरामात, यंत्राशिवाय गप्पा मारत होते. हे फायर डायरेक्शन सेंटरचे. वाळूच्या पोत्यांआड बसून स्लाइडरूलसारख्या पट्टीवर गणितं करायची आणि तोफांना आकडे पाठवायचे. "हा पुस्तकी किडा," माझ्या गनरने ओळख करून दिली, "याचे कान बघा, लहान मुलाचे आहेत!"

तोफेवर फक्त आकडेच पोचत : डिफ्लेक्शन म्हणजे दिशा, क्वाड्रंट म्हणजे उंचीचा कोन, चार्ज म्हणजे दारू किती. अकरा किलोमीटरपर्यंत मारा करणारी तोफ, गोळा कुठे पडला हे डागणाऱ्याला दिसायचं नाही. मदत मागणारा आवाज रेडिओवरून त्या बंकरमध्ये यायचा आणि तिथेच राहायचा.

त्या दिवशी तो आवाज स्वतः आला होता. पायदळातला रेडिओवाला, या बॅटरीचा नव्हेच, पण तारीख आणि कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं सांकेतिक नाव, वहीत जपून शोधत आला होता. तो बोलायला लागला आणि गनर नुसता त्याच्या ओठांकडे बघत राहिला. माझ्या पर्समध्ये छोटा वायरलेस माइक होता, यंत्रांना जोडलेला. तो पाहुण्याच्या खिशाला अडकवला आणि म्हटलं, आता बोला.

"डेंजर क्लोज होतं ते," तो म्हणाला. म्हणजे आपली माणसं गोळ्याच्या जागेपासून 600 मीटरच्या आत. "पाऊस. काहीच दिसत नव्हतं. मी तुमच्याकडे आणखी जवळ, आणखी जवळ मागत होतो."

गनरने एकदम माइककडे बोट दाखवलं, थांब म्हणून. मग जरा मोठ्यानेच विचारलं, "मध्येच चेक फायर का आला? आमचा गोळा तुमच्यात पडला?"

तोफा तडकाफडकी थांबवण्याचा तो हुकूम. गोळा आखूड पडून आपलीच माणसं मारली गेली, तरी तोच येतो. मला आता कळलं की मेळाव्याला न येण्याचं कारण नुसते कान नव्हते.

"छे रे! मेडेव्हॅकचं हेलिकॉप्टर येत होतं. आमचे जखमी न्यायला. तुमच्या गोळ्यांनीच तर त्याला उतरायला जागा झाली."

गनर थोडा वेळ खुर्चीची कड धरून बसला. मग फिरला तो कोपऱ्यातल्या गृहस्थांवर. "तुला माहीत होतं! पन्नास वर्षांत एकदा सांगता नाही आलं?"

"त्याच रात्री सांगितलं," ते म्हणाले. "तुझ्या तोफेपाशी येऊन, दोनदा. तू मान डोलावलीस."