सावद्याची केळी आणि तळाला बसलेला हिरवा

भुसावळचे एक निवृत्त रेल्वेवाले आहेत, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. गेल्या मे महिन्यात ते जळगावला आमच्या वर्कशॉपवर ॲक्रिलिक रंगांचा डबा घेऊन आले. आमचा धंदा मॉडेलचा. बिल्डरांना इमारतींची मॉडेलं करून द्यायची आणि हौशी लोकांच्या फिगर, म्हणजे मॉडेलातली छोटी माणसं, रंगवून द्यायच्या. नानांच्या घरी 1:87 मापात सावदा स्टेशन उभं राहतंय: मालधक्क्यावर केळीचे घड वॅगनमध्ये भरणारे हमाल, मागे केळीची बाग. या मापात हमाल जेमतेम दोन सेंटिमीटरचा आणि केळीचं पान अडीच-तीन सेंटिमीटरचं. अर्धी बाग त्यांची रंगवून झाली होती. मधे काम थांबलं आणि डबा पत्र्याखालच्या माळ्यावर गेला. आता उरलेली पानं करायला घेतली, तर त्याच बाटलीतला हिरवा वेगळाच उमटायला लागला.

"भाऊ, रंग मेला का रे?" नानांनी दोन पानं टेबलावर ठेवली. जुनं पान पिवळसर, भरीव, मॅट. नवं निळसर, चकाकणारं, आणि खालचा काळा प्रायमर, म्हणजे रंगाआधी मारलेला हात, त्यातून सरळ दिसत होता.

नवी बाटली आणणं शक्य नव्हतं, कारण हा हिरवा त्यांनी स्वतः रिकाम्या ड्रॉपर बाटलीत जुळवला होता: पिवळा ऑक्साइड, थॅलो निळा आणि थोडा टिटॅनियम पांढरा. रोग कुठला ते या यादीतच कळत होतं. पिवळा आयर्न ऑक्साइड पाण्याच्या साधारण चौपट जड, टिटॅनियम पांढराही तेवढाच. थॅलो निळा मात्र दीडपटीच्या आसपास, आणि त्याचे कण फार बारीक. बाटली पडून राहिली की जड रंगद्रव्यं आधी तळ गाठतात, निळा वर तरंगत राहतो. मॅटपणा आणणारी पूडही खाली बसते. म्हणजे नाना वरचा थर वापरत होते. त्यात पिवळा नाही, झाकणारा पांढरा नाही, मॅट पूडही नाही. पान निळं, पारदर्शक आणि चकचकीत का झालं, याची तिन्ही उत्तरं एकाच जागी सापडली.

माळ्यानं भर घातली ती वेगळी. भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. उष्णतेनं रंगातलं पाणी आणि बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट भाग, पातळ होतं, त्यामुळे कण लवकर बसतात. टोपण जरा सैल असेल तर पाणीही उडतं. तळाचा गाळ दिवसेंदिवस घट्ट होत जातो.

नानांनी बाटली भरपूर हलवली होती. सगळे तेच करतात आणि तिथेच फसतात. गाळ मऊ असेल तर हलवून काम भागतं. घट्ट बसला असेल तर हलवल्यानं फक्त वरचं पाणी ढवळलं जातं. बाटली बाहेरून एकसारखी हिरवी दिसते, तळाची वडी जागची हलत नाही. वर फेस होतो तो वेगळाच. ते बुडबुडे ब्रशवरून फिगरवर जातात आणि वाळल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं ठेवतात. म्हणून आधी तळ तपासायचा, हलवायचं नंतर.

ड्रॉपरचं नोझल अंगठ्यानं एका बाजूला दाबलं की सुटतं. नाही सुटलं तर पक्कडीनं हलकेच ओढायचं, आणि चष्मा घालून, कारण आत दाब असेल तर शिंतोडे थेट डोळ्यात येतात. तळ चाचपायला मी सायकलची जुनी स्पोक वापरतो. टोक हातोडीनं चपटं करून घासलेली, दोन मिलिमीटर जाडीची, बाटलीच्या तोंडातून आरामात जाते. टूथपिक घट्ट गाळात मोडते. स्पोक तळाला टेकवल्यावर टोक रुतत असेल तर रंग वाचतो. रबरावर दाबल्यासारखं परत उसळत असेल तर बहुतेक वाचत नाही. नानांच्या हिरव्यात ती सावकाश रुतली. बाहेर काढली तेव्हा टोकाला पिवळसर, लोण्याएवढी मऊ पेस्ट होती. नाना खुर्ची ओढून जवळ आले.

पुढची पायरी लोक उलटी करतात. वरचं पाणी 'खराब' समजून मोरीत ओततात आणि नळाचं पाणी घालतात. ते पाणी नसतंच, त्यातच बाइंडर असतो. तो गेला की रंग वाळल्यावर खडूसारखा हाताला लागतो. आम्ही वरचा पातळ भाग पिपेटनं उपसून झाकणाच्या छोट्या डबीत बाजूला ठेवला. तळाच्या वडीवर फक्त पाच-सहा थेंब उरू दिले आणि स्पोकनं ती कडेपासून मधे, दाबून दाबून मळली. घट्ट पेस्टमध्येच गुठळ्यांवर जोर बसतो. पातळात त्या स्पोकसमोरून निसटतात आणि गोल गोल फिरत राहतात. याला वेळ लागतो, हात दुखतो, पण सोपा रस्ता मला तरी माहीत नाही. पेस्ट एकजीव झाली, टोकाला खरखर लागेना, तेव्हा डबीतला पातळ भाग थोडा थोडा परत घातला आणि प्रत्येक वेळी ढवळून घेतला.

मग गोळ्या. साधारण 17 मिलिलिटरच्या बाटलीला चार-पाच मिलिमीटरच्या दोन स्टेनलेस गोळ्या पुरतात. त्या 316 ग्रेडच्याच घ्यायच्या. सायकलच्या बेअरिंगचे छर्रे फुकट मिळतात, पण पाण्यात गंजतात आणि पांढऱ्या-पिवळ्या रंगात तपकिरी ठिपके सोडतात. बिनरंगी काचेचे मणीही चालतात. टोपण लावून एक-दोन मिनिटं हलवलं, फेस बसायला पंधरा मिनिटं बाटली तशीच उभी ठेवली.

बाटली आधी कुठवर भरली होती, त्याची पेनची खूण नानांनी केलेली होती. पातळी जरा खाली होती. तेवढी भरून काढायला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी तीन-तीन थेंबांनी घातलं. बोअरचं पाणी इथे कधीच नको. आपल्याकडचं पाणी जड, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं बाइंडरचे सुटे कण एकमेकांना चिकटू शकतात. स्पिरिट किंवा अल्कोहोल तर त्याहून वाईट, ते नोझलची वाळलेली घाण काढायला ठेवावं. एक मिलिलिटरला साधारण वीस थेंब धरले, तर 17 मिलिलिटरच्या बाटलीत तीस-एक थेंबांपलीकडे नुसतं पाणी मी घालत नाही. त्याहून जास्त लागलं तर निम्मं पाणी आणि निम्मं मॅट मीडियम (रंगद्रव्य नसलेला बाइंडर), म्हणजे बाइंडर विरळ होत नाही.

नोझल कोमट पाण्यात भिजवून टाचणीनं साफ केलं आणि पहिले दोन थेंब टाकून दिले. तपासणी काळा प्रायमर मारलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, शेजारी नानांचं जुनं पान. ओला रंग जुन्यापेक्षा फिका दिसला आणि नानांचा चेहरा पडला. ॲक्रिलिक ओलं असताना बाइंडर दुधी असतो, वाळला की पारदर्शक होतो आणि रंग एक छटा गडद होतो. रंग जुळवताना ओल्यावर निकाल द्यायचा नसतो. जेवून आलो तोवर पट्टी वाळली होती आणि दोन्ही पानांतला फरक दाखवता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी पट्टीवर सेलोटेप दाबून उचलली, रंग निघाला नाही. म्हणजे बाइंडर शाबूत.

त्या डब्यातली चकवणारी बाटली वेगळीच होती. हमालांच्या अंगाचा तपकिरी. बाहेरून एकदम ठीक, वर पाण्याचा थर नाही, सगळीकडे एकच रंग. नानांना तीच सगळ्यात चांगली वाटत होती. उघडली तर आत नासलेल्या दुधासारख्या गाठी, बोटात धरल्या की ताणल्या जाणाऱ्या. इथे बाइंडरचे कणच एकमेकांत मिसळून गेले होते. ही क्रिया उलटी फिरत नाही. पाणी, मीडियम, गोळ्या, काही घाला, गाठींचे लहान तुकडे होतात आणि फिगरच्या नाका-डोळ्यांवर खडे होऊन बसतात. थर वेगळे झालेला रंग बहुतेक वेळा जिवंत असतो, ज्याचे कण एकमेकांना चिकटलेत तो मात्र मेलेला. हा तपकिरी साधा, बाजारात मिळणारा होता, म्हणून नवा घ्यायला सांगितला.

चंदेरीची बाटली फुगलेली होती. त्यात ॲल्युमिनियमची पापुद्री असते आणि क्षारीय पाण्यात ॲल्युमिनियममधून हायड्रोजन सुटू शकतो. टोपण फडक्याखाली, अर्धा आटा एका वेळी, फुस्स आवाज थांबेपर्यंत. शेजारी अगरबत्तीही नको. आतला रंग हलक्या ढवळण्यानं परत आला. यात गोळ्या टाकून जोरात हलवायचं नाही, पापुद्री वाकते आणि चकाकी जाते.

एका शाईच्या वॉशला (छटा द्यायच्या पातळ रंगाला) कुजका वास होता, तो न वापरता टाकला. परिरक्षक संपून जंतू वाढले की हा वास येतो.

उरलेल्या बाटल्यांच्या टोपणावर रंगाचा ठिपका आणि तारीख लिहिली. डबा आता नानांच्या खोलीत खालच्या फडताळात असतो, भिंतीला सूर्य लागत नाही त्या बाजूला. फ्रीजरमध्ये ठेवू का, असं ते विचारत होते. गोठलं की बाइंडर फुटतो, म्हणून अजिबात नाही. दर महिन्याला सगळ्या बाटल्या एकदा हलवून ठेवायच्या, एवढं काम त्यांनी नातवाकडे दिलंय. मेलेला तपकिरी आम्ही जुन्या पेपरवर पसरून वाळवला आणि कचऱ्यात टाकला. मोरीत ओतला असता तर पाइपमध्येच घट्ट झाला असता.