जुनी डिस्कव्हरी आणि तिच्या तेलाचा फिल्टर

गुरुवार, रात्री

लँड रोव्हरची जुनी डिस्कव्हरी ४ घ्यायची म्हणतोय. तिचं नाव काढलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, तुटतो. मेकॅनिक म्हणतो, विमा करणारा म्हणतो, ज्यानं लँड रोव्हर फक्त रस्त्यावर बघितली आहे तोही म्हणतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बसून हे ऐकलं की मला गप्प राहवत नाही. टर्निंग, जर्नल ग्राइंडिंग, बॅलन्सिंग, मॅग्नाफ्लक्सवर (चुंबकीय तपासणीत) तड शोधणं, हे बेळगावचं पिढ्यानपिढ्यांचं काम. माझं घरही त्याच कामावर चालतं. त्यामुळं नुसतं ‘तुटतो’ म्हणून मला भागत नाही. का तुटतो, कुणाच्या गाडीचा तुटतो आणि तुटायच्या आधी काही खूण देतो का, हे कळल्याशिवाय मी पैसे काढणार नाही.

जेवढं कळलं ते लिहून ठेवतो. इंजिन तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल. मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) आणि बेअरिंग यांच्यात काही शतांश मिलिमीटरची फट असते. त्या फटीत दाबाचं तेल असतं आणि क्रँक त्या तेलावर फिरतो. तेल जुनं झालं, काजळीनं बिघडलं किंवा पातळी खाली गेली, की धातूला धातू घासतो आणि बेअरिंगचं शेल, म्हणजे आतलं अर्धगोल अस्तर, जागेवरून फिरतं. शेल फिरलं की त्याचं भोक ब्लॉकमधल्या तेलाच्या भोकासमोरून सरकतं आणि तेलाची वाटच बंद होते. मग जर्नल तापतं, फिलेटपाशी, म्हणजे जर्नलच्या कडेच्या गोलाईपाशी, तड जाते आणि शेवटी क्रँकचे दोन तुकडे. ट्रॅक्टरचं इंजिन असतं तर बेअरिंग गेल्यावर पाव मिलिमीटर ग्राइंड करून, अंडरसाइझ बेअरिंग घालून चार दिवसांत शेतावर पाठवलं असतं. इथं बहुतेकदा अख्खं इंजिनच बदलावं लागतं, आणि तो खर्च गाडीच्या निम्म्या किमतीच्या घरात जातो.

पण याच इंजिनाच्या दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेल्या गाड्याही आहेत. त्यांच्या मालकांशी बोललं की एकच गोष्ट पुढं येते. पुस्तकातल्या लांबलचक मुदतीची वाट न बघता ते आठ-दहा हजारांवर तेल बदलत आले. म्हणून मला ही गाडी कंपनीच्या नावावरून जोखायची नाही. तिच्या तेलावरून जोखायची आहे.

शुक्रवार

घरात विषय निघाला. हिचं म्हणणं सरळ होतं, “अहो, बोलेरो घ्या. जांबोटीच्या रस्त्यावर सगळे तीच चालवतात.” बरोबरच आहे. नुसत्या शेतासाठी असती तर बोलेरोच घेतली असती. आमची जमीन जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अंगाला. पावसाळ्यात तिथं जांभ्याचा लाल चिखल चाकाला धरून ठेवतो, आणि ओढ्यावर साकव नाही. पण त्याच गाडीतून आईला दर थोड्या दिवसांनी पुण्याला न्यावं लागतं. तिच्या पाठीला खड्डा सोसत नाही. चिखलातून निघणारी आणि हायवेवर पाठ न दुखवणारी, सात जण बसणारी गाडी म्हटली की यादी फार छोटी होते. डिस्कव्हरी एअर सस्पेन्शनवर उचलली की ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते, आणि खाली बसवली की आई आधार न धरता चढते. आईचं चढणं माझ्यासाठी पाण्यापेक्षा मोठं आहे.

काकांनी फोनवर सांगितलं, “टोयोटाची प्राडो घे, डोळे झाकून घे.” प्राडो उत्तम गाडी आहे, पण डोळे झाकून कुठलीच घेऊ नये. तिच्या तीन लिटर डी-फोर-डी इंजिनातही इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळायला लागले की जळालेला गॅस तेलात उतरतो आणि सम्पमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या, जाळीवर काजळी बसते. वेळेत लक्ष गेलं नाही तर तिच्याही इंजिनाचा तेलाचा पुरवठा तुटतो. शिवाय आपल्या भागात विकायला येतात त्या मोजक्याच, आणि भाव आभाळाला.

शनिवार, कोल्हापूरहून आल्यावर

गाडी २०१३ ची, पुण्याचं पासिंग, हायवेलगत एका डीलरच्या यार्डात उभी. मीटर ८४ हजार. मागणी १६ लाख.

मी सकाळी लवकर जाणार हे आधीच कळवलं होतं आणि गाडी सुरू करू नका असं बजावलं होतं. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावला, गार होतं. थंड इंजिनाचा पहिला आवाज ऐकल्याशिवाय डिझेल गाडीबद्दल बोलूच नये. सुरू झाली, क्षणभर खडखडली आणि शांत झाली. सायलेन्सरमधून निळा धूर नाही. चारही कोपरे रात्रभर उभं राहून सारख्याच उंचीला होते, एकही बसलेला नव्हता. एअर सस्पेन्शनमध्ये मोठं नुकसान एकदम होत नाही. कुठंतरी बारीक गळती असते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकतो आणि शेवटी जळतो. उचलून बघितली, पुन्हा बसवली, पुन्हा उचलली. उचलायला जरा वेळ घेते. कॉम्प्रेसर म्हातारा झालाय, तो खर्च मी धरून ठेवला.

कोल्हापूरची गाडी म्हटल्यावर पुराचं बघायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर आलं होतं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या किती गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले, गाळाची रेघ नाही. पुढचा गालिचा उचलून खाली हात घातला. डावीकडं ओलं लागलं. वास मात्र गाळाचा नव्हता. सनरूफच्या नळ्या तुंबल्या की पाणी खांबातून उतरून नेमकं तिथंच साचतं. साधं काम आहे, पण कणकुंबीच्या पावसात तसंच सोडलं तर वायरिंगच सडेल.

इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक लावताना करकरला. आतले शू धूळ-चिखलानं भरलेत, साफ करून ॲडजस्ट करावे लागतील. ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं कातडं ८४ हजारांना शोभेल इतकंच झिजलेलं. स्कॅनर लावून वेगवेगळ्या मॉड्यूलमधले किलोमीटरही ताडून घेतले, जुळले.

मग तेल. डिपस्टिकवर काळं तेल होतं, आणि मला तेच हवं होतं. विकायला काढलेल्या गाडीत सोनेरी ताजं तेल दिसलं की मी जास्त सावध होतो, कारण आधीच्या तेलात काय होतं ते कायमचं गेलेलं असतं. इथं स्टिकरवर शेवटचं तेल सात हजार किलोमीटरमागचं. डीलरला म्हटलं, तेल आणि फिल्टर मी माझ्या खर्चानं बदलतो, जुना फिल्टर आणि बाटलीभर जुनं तेल मला द्या. तो बघतच राहिला. शेवटी म्हणाला, “न्या की, त्यात काय!” जवळच्या गॅरेजात काम करून घेतलं. बाटली अर्धं तेल वाहून गेल्यावर मधल्या धारेला धरली. फिल्टर प्लास्टिकच्या डब्यात बंद करून कोगनोळी नाक्यावरून घरी आणला.

रविवार, वर्कशॉपमध्ये

सुट्टी असूनही आमचे ग्राइंडरवरचे मामा आले. त्यांचे केस या कामात पांढरे झालेत. “काय बघूलालास एवढं?” म्हणाले आणि स्वतःच दिवा ओढून घेतला.

फिल्टरचा कागद दोन्ही टोकांना ब्लेडनं कापला आणि पट्टी मोकळी केली. जुन्या बनियनचं फडकं खाली-वर ठेवून ती व्हाइसमध्ये हळूहळू दाबली, तेल निथळू दिलं. मग पांढऱ्या कागदावर पसरून घडीन् घडी उलगडत गेलो. काजळी सगळीकडं सारखी, मऊ, बोटाला चिकटणारी. मामांनी चुंबक कागदाच्या खालून फिरवला. तीन-चार बारीक कण उभे राहिले. एवढं लोखंड कुठल्याही इंजिनात निघतं. खरी भीती चुंबकाला न लागणाऱ्या चकाकीची. बेअरिंगचा थर सुटायला लागला की घडीच्या तळाशी कोंड्यासारख्या चपट्या पापड्या सापडतात, दिव्याखाली चमकतात आणि चुंबकाला दाद देत नाहीत. आम्ही भिंग लावून शेवटच्या घडीपर्यंत गेलो. एकही नाही.

मामा म्हणाले, “बेअरिंग अजून तरी बोलत नाही. पण पट्टे कधीचे हाईत ते विचार.”

अगदी मोक्याचं बोलले. या इंजिनाला टायमिंग बेल्ट एक पुढं आणि फ्युएल पंपाचा दुसरा मागं. मागचा बदलायचा राहूनच जातो, कारण तो दिसत नाही. रबराला किलोमीटरइतकंच वयही लागतं. एवढ्या वर्षांच्या गाडीत बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरायचं.

पुढच्या आठवड्यातला बुधवार

तेलाची बाटली पुण्याच्या लॅबला पाठवली होती, तिचा रिपोर्ट आला. बेअरिंगमधून सुटणारं शिसं, कथील, तांबं तिन्ही कमी. कूलंट तेलात उतरल्याची खूण नाही. सिलिकॉन मात्र जास्त, म्हणजे धूळ आत जातेय. एअर फिल्टरचं झाकण नीट बसत नसेल किंवा पुढचा पाइप कुठंतरी चिरला असेल. हे घेण्याआधी कळलं ते फार चांगलं झालं, कारण धूळ सिलिंडर खाते आणि मग तेलही लवकर बिघडतं.

मूळ मालकाच्या ड्रायव्हरशी बोललो. गाडी एकानंच चालवली, तेलाच्या पावत्या आहेत, बेल्टची नाही. आठ गिअरच्या झेडएफ गिअरबॉक्सचं तेलही कधी बदललेलं नाही, ‘लाइफटाइम’ आहे असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. फिल्टर सम्पच्या प्लास्टिक पॅनमध्येच असतो, त्यामुळं पॅनसकट बदलायचं.

गुरुवार

कागदांचा हिशेब बसवला. कर्जाचा बोजा आरसीवर अजून दिसतोय. बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग पुण्याच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी (ना-हरकत), आणि इथं नव्यानं बेळगावचा केए-२२ नंबर. आपल्याकडं कित्येकजण एमएच प्लेटवर वर्षानुवर्षं गाडी फिरवतात, पण बारा महिन्यांवर दुसऱ्या राज्यात ठेवली की नोंदणी बदलावीच लागते. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला आजीव कर १८ टक्के. वयाप्रमाणे तो कमी होतो, पण मोजतात मूळ किमतीवरून. आज मी काय मोजतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सीमेपलीकडून महागडी गाडी स्वस्तात आणणाऱ्यानं हा आकडा आधी एजंटाकडून लिहून घ्यावा. इथं पुष्कळांचा हिशेब कोसळतो.

दोन्ही बेल्ट, वॉटर पंप, गिअर तेल, कॉम्प्रेसर, पुढचे सस्पेन्शनचे आर्म, हँडब्रेक मिळून चार लाख बाजूला ठेवले. हे पैसे गाडीच्या किमतीतच धरायचे. ज्याच्याकडं ते वेगळे नाहीत त्यानं ही गाडी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. बिघडली तर नेहमीचे मेकॅनिक बघतील, पण टर्बोपर्यंत पोचायला या गाडीची बॉडी चेसिसवरून उचलतात. तशी लिफ्ट आणि तसा हात असलेलं माझ्या भरवशाचं दुकान पुण्यात आहे, साडेतीनशे किलोमीटरवर.

रिपोर्ट, बेल्टची नसलेली पावती आणि ओला गालिचा डीलरपुढं ठेवला. साडेचौदा लाखांवर बोलणं थांबलं. ५० हजार टोकन दिलं, आणि एनओसी मिळाली नाही तर ते परत, असं पावतीवर लिहून घेतलं. बेल्टचा सेट उद्या मागवतो. गाडी आली की आधी लिफ्टवर जाईल, जांबोटीला नंतर.