लेकीकडे कायमचं जायचं म्हणजे

देवगडचं घर बंद करून लेकीकडे लिस्बनला कायमचं जायचं ठरलं आणि अंगणात आमसुलं पसरता पसरता ह्यांनी विचारलं, अगो आपल्या सेव्हिंग खात्याचं काय? तर ते एनआरओ (म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथलं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं, तसंच ठेवून चालत नाही, आणि त्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात (आमच्याकडे कुठले एवढे!). हापूसची बाग आधीपासून नावावर आहे म्हणून ठेवता येते, पण एनआरआय झालं की नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून शेजारच्या चार गुंठ्यांचा व्यवहार आत्ताच उरकला. भावोजींना मुखत्यारपत्र दिलंय. पेन्शनचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात मोबाईलवर चेहरा दाखवून होतो म्हणे, गेल्या वर्षी करून बघितला तर ह्यांचा चेहरा तीनदा रिजेक्ट, शेवटी चष्मा काढून पडवीत उजेडाला बसवलं तेव्हा झाला.