पोर्ट ऑफ स्पेनचा मुक्तिदिन: मिरवणुकीत पहिल्यापासून चाला

१ ऑगस्टला त्रिनिदादमध्ये असाल तर एक आग्रह आहे. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये थेट क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानावर जाऊन बसू नका. सकाळीच ब्रायन लारा प्रोमेनाडवर, ट्रेझरीच्या इमारतीपाशी पोचा. मिरवणूक तिथून निघते, आणि त्यामागे कारण आहे.

१ ऑगस्ट १८३४ रोजी इथेच ब्रिटिश गव्हर्नरने गुलामगिरी संपल्याचं जाहीर केलं. पण मळ्यावरच्या माणसांनी ‘शिकाऊ’ म्हणून आणखी सहा वर्षं त्याच मालकाकडे राबायचं, अशी अट होती. जमलेल्यांत बरेचसे म्हातारे, सगळे निःशस्त्र. त्यांनी ‘सहा वर्षं नाही!’ असा गजर करून गव्हर्नरचा आवाज बुडवून टाकला. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ला झाली. ब्रिटिश सरकारने भरपाईचे दोन कोटी पौंड दिले ते मालकांना. राबलेल्यांना छदामही नाही. हे ठाऊक असलं की ढोलांचा पहिला ठोका पडताना अंगावर काटा येतो. माझ्या आला.

मग रस्ताभर आफ्रिकी कापडांचे झगे, डोक्याला उंच बांधलेले रुमाल, पोलादी पिंपांपासून बनवलेली स्टीलपॅन वाद्यं, लांब काठ्यांवर चालणारे मोको जम्बी. आजीच्या हाताला धरून नातवंडं चालतात. बाजूला उभं राहून नुसते फोटो काढण्यापेक्षा त्यांच्यात मिसळा. कुणाचा जवळून फोटो हवा असेल तर आधी विचारा.

ऊन कडक आणि पावसाळाही ऐन भरात. टोपी, पाणी, छत्री तिन्ही लागतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे मात्र बॅगेतही नकोत, तिथे कायद्याने बंदी आहे. सार्वजनिक सुट्टी असल्यामुळे बँका बंद. रोख पैसे आदल्या दिवशीच काढा. भूक लागली की डबल्स खा: ‘बरा’ नावाच्या मऊ तळलेल्या पुऱ्यांत छोल्यांची रसदार भाजी. शाकाहारी माणसाची चिंता मिटते.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि प्रमाणपत्र जपून ठेवा. त्रिनिदादहून परतताना भारतीय विमानतळावर ते मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात.

१९८५ साली या देशाने कोलंबसाच्या नावाची सुट्टी काढून त्या जागी मुक्तिदिन आणला. सवड असेल तर दुसऱ्या दिवशी वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर पाहा. गुलामगिरी गेल्यावर मळेवाल्यांनी करारावर भारतातून मजूर आणले. त्यांचं पहिलं जहाज ३० मे १८४५ला इथे लागलं. पुढे अशाच मजुरांच्या घरातले शिवदास साधू यांनी ऊसमळ्यात मजुरी करत ते मंदिर स्वतःच्या हातांनी उभारलं. टॅक्सीचं भाडं मात्र निघण्याआधीच ठरवून घ्या.