मोठ्या बाईंचा तिसरा तास

मागच्या महिन्यात एक ऑनलाइन फॉर्म भरायला आला. शाळेची माहिती, पटसंख्या, संडास किती, नळ किती वगैरे सगळं झालं आणि शेवटी एक चौकोन, "मुख्याध्यापक म्हणून आपले शैक्षणिक तत्त्वज्ञान थोडक्यात लिहा." थोडक्यात म्हणजे 500 अक्षरं. मी बराच वेळ कर्सर बघत बसले, मग शिपाईमामा चहा घेऊन आले, मग कोणाचं तरी डोकं फुटलं म्हणून मी ग्राउंडवर पळाले आणि तो चौकोन राहिला तो राहिलाच. म्हणून आता इथे लिहितेय, इथे अक्षरं मोजणारं कोणी नाही.

माझी शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, मराठी माध्यम, अनुदानित. निम्म्याहून जास्त पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, आणि पटांगणात भांडताना तिन्ही. आया विड्या वळतात, वडील टॉवेलच्या कारखान्यात नाहीतर रिक्षावर. मी हेडमास्तर झाले तेव्हा पहिल्या आठवड्यात काय केलं माहितीय? उशिरा येणाऱ्यांचं रजिस्टर काढलं. नवीन माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतंच की. प्रार्थना सुरू झाली की गेट बंद, उशिरा आलेले बाहेर रांगेत उभे, मग नाव लिहून आत. शिस्त लागली म्हणून दोन पालकांनी कौतुकही केलं, मी खूश.

आणि याच काळात मी स्टाफ मीटिंगमध्ये शिक्षकांना आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम 17 समजावून सांगत होते बरं का, शारीरिक शिक्षाच नाही, मानसिक त्रासालाही बंदी आहे वगैरे. गेटबाहेर 20 पोरं उन्हात उभी आणि आत माझं भाषण. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

रजिस्टर बंद झालं ते तिसऱ्या तासामुळे. गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदली शिक्षक मिळेना, म्हणून पाचवी ब चा तिसरा तास मी घ्यायला लागले. एक मुलगा आठवड्यातून एकदा दोनदा हमखास रजिस्टरमध्ये, त्याला वर्गात सहज विचारलं, का रे उशीर? तर म्हणाला, "बाई, आज नळ होता की." बस एवढंच. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी एकदा पाणी, आई विड्या द्यायला गेलेली, मग बॅरल कोण भरणार? दुपारी रजिस्टर काढून तारखा बघितल्या तर अर्धी गल्ली एकाच दिवशी उशिरा. दोन महिने ते रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं, रोज सही करत होते, आणि दिसलं नव्हतं. मग गेट उघडं ठेवलं आणि नळाच्या दिवशी पहिल्या तासाला नवीन धडा काढायचा नाही एवढं ठरवलं.

त्या बाई रजेवरून आल्या, पण तिसरा तास मी सोडला नाही. लोक म्हणतात, मॅडम तुम्हाला कामं काय कमी आहेत का? आहेत ना, यूडायस म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती आहे, पोषण आहाराचा हिशोब आहे, मीटिंगा आहेत. पण केबिनमध्ये बसून मी जे नियम काढते ते हमखास चुकतात हे मला कळलंय.

आता फसलेल्या तासाचं सांगते. भागाकार चालू होता, 565 भागिले 25. फळ्यावर तीनदा करून दाखवला, वर्ग ढिम्म. त्यात आमचे एक तरुण सर काहीतरी सही घ्यायला दारात येऊन उभे, त्यांच्या देखत माझा घाम निघाला. मग सुचलं म्हणून विचारलं, आईने 600 विड्या वळल्या, त्यातल्या 35 छाट म्हणजे खराब निघाल्या, तर 25 ची बंडलं किती? मागच्या बाकावरून पटकन, "22 बंडलं, वर 15." वही बघितली तर त्याच मुलाचं तेच गणित कागदावर चुकलेलं! मी एकदम हवेत, आता सगळं गणित विड्यांवरच शिकवायचं असं मनात ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विड्या काढल्या तर एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, विडीचं नको ना. घरी पण तेच."

काय बोलणार यावर.

शनिवारी शाळा सुटल्यावर हे सगळं स्टाफरूममध्ये जसंच्या तसं सांगितलं, घाम निघाल्याचं पण. थोडा वेळ सगळे गप्प, मोठ्या बाईंचा तास फसला यावर काय बोलायचं असतं कोणाला माहीत. मग तेच तरुण सर म्हणाले की मॅडम, माझा अपूर्णांक तीन दिवस झाले असाच चाललाय. तेव्हापासून दर शनिवारी अर्धा तास बसतो. या आठवड्यात कुठला तास फसला ते सांगायचं. अहवाल नाही, फोटो तर नाहीच नाही. पहिली मी सांगते.

2020 ला आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा मला जो तो विचारायचा, त्यांच्यासारखे पुस्तकात क्यूआर कोड तुमच्या शाळेत कधी? मला मात्र त्या बातमीतलं दुसरंच लक्षात राहिलं, बक्षिसाचे निम्मे पैसे त्यांनी शेवटच्या यादीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले. शाळेत एकट्याचं काही नसतंच, आमच्याकडे वाटायला डॉलर नाहीत, फसलेले तास आहेत.

बरं त्या मुलीचं राहिलं. तिला विचारलं, मग कशाचं गणित घालू? म्हणाली गड्ड्याचं. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा नुकतीच झालेली, होम मैदानावरचा पाळणा सगळ्यांच्या डोक्यात. फळ्यावर लिहिलं, पाळण्यात एका वेळी 48 माणसं बसतात, लाईनीत 565, तर शेवटच्या फेरीत किती? बराच वेळ खाडाखोड करून तिनेच उत्तर आणलं, 37. म्हटलं शाब्बास, म्हणजे 11 जागा रिकाम्या.

"रिकाम्या कशाला बाई? शेवटच्या फेरीला पाळणेवाला मामा आम्हाला फुकट बसवतो की."